बाग बहरली, दंडघेर घटला : एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विकसनशील देशातल्या, पावसावर शेती असलेल्या भागातलं आहे. देश, गाव आणि काम करणारी संस्था यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी तेव्हा तिथे पोषणाचं काम बघणाऱ्या गटात होते, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यात माझाही वाटा आहे.

त्या भागातलं जेवण म्हणजे मुख्यतः धान्य. पोट भरतं, पण ताट एकसुरी असतं. कडधान्य आठवड्यातून दोन-तीनदा, अंडी-मांस क्वचित, फळं झाडावर पिकतील तेव्हा. जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते आणि त्यात बटाटा किंवा इतर पिठूळ कंद धरत नाही. 2 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा 250 ग्रॅम आहे. आम्ही ज्या घरांत जात होतो तिथे याच्या जवळपासही कोणी पोचत नव्हतं. भूक भागलेली, पण अ जीवनसत्त्व, लोह, झिंक, फोलेट यांचा तुटवडा कायम. याला छुपी भूक म्हणतात, कारण उपाशी माणसासारखी ती डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून परसबागेचा कार्यक्रम ठरला. लहान मूल असलेल्या घराला पालेभाज्यांचं बी, थोडं प्रशिक्षण आणि सुमारे 20 चौरस मीटरची आखलेली जागा. सोबत आयांच्या बैठका, त्यात बाळाच्या वरच्या अन्नाची माहिती. कल्पना सरळ होती: भाजी दारात पिकली की ताटात येईल, आणि ताटात आली की बाळाच्या पोटात जाईल.

या घरात सहा माणसं होती. आई, वडील, वडिलांची आई, आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची धाकटी मुलगी. थोडी जमीन, बाकी मजुरी. आई अतिशय कष्टाळू होती. बी मिळालं त्याच आठवड्यात तिने वाफे तयार केले आणि पावसाळा सरता सरता तिची बाग वस्तीत सगळ्यांत सुंदर झाली. आम्ही इतर आयांना ती बाग दाखवायला नेत असू.

समस्या कशी लक्षात आली

बाग सुरू झाली तेव्हा धाकटीचा दंडघेर, म्हणजे ज्यावरून कुपोषण ओळखतात तो दंडाचा घेर, 127 मिलिमीटर होता. तीन महिन्यांनी, ती तेरा महिन्यांची असताना, तो 121 भरला. 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी 125 च्या खाली मध्यम तीव्र कुपोषण आणि 115 च्या खाली अतितीव्र कुपोषण धरतात. वजन 6.9 किलो होतं, लांबी 69 सेंटिमीटर. लांबी वयाच्या मानाने बरीच कमी होती. लांबीच्या मानाने वजन मात्र मर्यादेच्या आत बसत होतं, म्हणजे नुसत्या वजन-लांबीच्या तक्त्यावर विसंबलो असतो तर ही मुलगी आमच्या यादीत आलीच नसती. दोन मापं वेगवेगळी मुलं पकडतात हे आम्हाला माहीत होतं, तरी इथे सुटका थोडक्यात झाली.

पट्टी वाचणाऱ्या सेविकेने दोनदा माप घेतलं. तिचा विश्वासच बसेना. वस्तीतली सगळ्यांत चांगली बाग याच घराची, आणि दंडघेर घसरला तोही इथेच.

आमच्या आहाराच्या नोंदीतही काही खटकत नव्हतं. आदल्या दिवशी बाळाने काय खाल्लं, हे आम्ही दर महिन्याला आईला विचारायचो. आठ अन्नगटांपैकी किमान पाच गट मिळाले तर 6 ते 23 महिन्यांच्या बाळाचा आहार पुरेसा विविध मानतात. ते गट असे: आईचं दूध, धान्य व कंद, कडधान्यं आणि तेलबिया, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाने समृद्ध फळं-भाज्या, आणि इतर फळं-भाज्या. या मुलीच्या नोंदीत चार गट होते. पाचाला एक कमी, पण काळजी वाटावी असं काही नाही. पालेभाजीच्या रकान्यात तीनही महिने बरोबरची खूण होती.

त्या खुणेत एक मेख होती, आणि ती आम्हाला कळायला हवी होती. बाळांसाठीच्या या मोजमापात प्रमाणाची अट नसते. मूल वाटीभर खावो की चमचाभर, खूण तीच. स्त्रियांसाठीच्या तशाच मोजमापात निदान 15 ग्रॅमची अट आहे. मोठ्या लोकसंख्येचं चित्र बघायला ही पद्धत उपयोगी पडते. एका मुलीची वाटी बघायला ती पुरत नाही, आणि आम्ही तिच्याकडून नेमकं तेच काम करून घेत होतो.

त्या घरात काढलेला एक दिवस

पहिला निर्णय इथे होता. आईला पुन्हा बैठकीला बोलावून माहिती द्यायची की घरी जाऊन बघायचं? बैठकीत तिने सगळी उत्तरं आधीच बरोबर दिली होती. तिसऱ्या महिन्यात तर ती नव्या आयांना समजावत होती. तिला आणखी शिकवण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं. मी आणि सेविका, दोघींनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्या घरी राहायचं ठरवलं. आईची परवानगी घेतली आणि तिला सांगितलं की आम्ही काहीही तपासायला आलेलो नाही, रोज जे चालतं ते चालू दे.

उजाडायच्या आत ती पाण्याला गेली. घरासाठी दोन खेपा, मग बागेसाठी चार. पाऊस थांबून महिना झाला होता आणि वाफ्यांना रोज पाणी लागत होतं. उन्हाच्या दिवसांत एका चौरस मीटरला चार-पाच लिटर पाणी धरलं तर 20 चौरस मीटरच्या बागेला 80 ते 100 लिटर होतात. हे सगळं तिच्या डोक्यावरून येत होतं. मग खुरपणी, मग बाजारासाठी पालेभाजीच्या जुड्या बांधणं. ती शेतावर निघाली तोवर बाळाला तिने एकदा अंगावर पाजलं होतं, एवढंच.

बाळाला भरवलं ते आठ वर्षांच्या बहिणीने. रात्रीची उरलेली लापशी तिने पाणी घालून पातळ केली, कारण पातळ असली की बाळ पटकन गिळतं आणि तिला शाळेची घाई होती. बाळाने चार-पाच घोट घेतले, मान फिरवली. बहिणीने दोनदा चमचा पुढे केला, मग वाटी खाली ठेवली. आम्ही उरलेलं मोजलं: पोटात साधारण 60 मिलिलिटर गेलं होतं. उरलेलं पाच वर्षांच्या भावाने संपवलं. बहीण जिवापाड सांभाळत होती बाळाला. तिचं वय आठ होतं.

दुपारी आजीने पालेभाजी केली. पाला भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून दिलं, मग मीठ आणि भरपूर तिखट. बाळासाठी तिखट पडायच्या आधी भांड्यात उरलेलं हिरवं पाणी दोन चमचे काढून लापशीत घातलं. पान एकही नाही. आमच्या नोंदीतली पालेभाजीची खूण ती हीच.

संध्याकाळी मी हिशेब मांडला. एवढ्याशा बाळाच्या पोटात एका वेळेला किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावतं, म्हणजे हिच्या पोटात सुमारे 200. आईचं दूध चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 550 किलोकॅलरी लागतात. तसली पातळ लापशी पोट भरून प्यायली तरी एका वेळेला 70-80 च्या वर जात नाही. त्या हिशेबाने तिला सात वेळा पोटभर भरवावं लागलं असतं, आणि तिला दिवसातून दोनदा, तेही घाईत, मिळत होतं.

बागेला पाणी घालायची वेळ आणि बाळाला भरवायची वेळ एकच होती. पूर्वी सकाळी आई स्वतः मांडीवर घेऊन भरवायची, हे तिने आम्हाला त्या संध्याकाळी सहज बोलता बोलता सांगितलं. बाग सुरू झाल्यापासून ते जमेनासं झालं होतं. तिच्या दिवसातला तो तास आम्ही घेतला होता, आणि बदल्यात भाजी दिली होती जी बाळाच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती.

विकायची की खायची

आमच्या गटात पहिला वाद झाला तो विक्रीवरून. आठवड्याला निघणाऱ्या पालेभाजीतली निम्म्याहून जास्त बाजारात जात होती. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, विक्री बंद करण्याची अट घाला. बी खाण्यासाठी दिलं आहे, विकण्यासाठी नाही.

मला ते पटलं नाही. विक्रीच्या पैशातून ती काय आणते हे आम्ही विचारलं तेव्हा यादी निघाली: तेल, मीठ, साबण, थोरलीच्या वह्या, कधी कडधान्य. त्यात उधळपट्टी कुठे होती? 2016 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 18 देशांतल्या कुटुंबांचा एक अभ्यास आला होता. रोज फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन भाग एका व्यक्तीने विकत घ्यायचे तर सर्वांत गरीब देशांत त्याला कुटुंबाच्या उत्पन्नातला सुमारे 52 टक्के वाटा लागतो, श्रीमंत देशांत सुमारे 2 टक्के, असं त्यात दिसलं. जी वस्तू बाजारात इतकी महाग पडते ती दारात पिकली तर बाई ती विकणारच. भाजी विकून तेल आणणं हा बाळाच्या दृष्टीनेही वाईट सौदा नव्हता, फक्त ते तेल बाळाच्या वाटीत पडायला हवं होतं.

पर्याय

समोर काय काय होतं ते थोडक्यात सांगते. पहिला पर्याय, मध्यम कुपोषित बाळांसाठीचा तयार पूरक आहार देऊन मोकळं व्हायचं. तो लगेच लागू पडतो, पण पुरवठा मधेच तुटायचा आणि पाकीट संपलं की घर पुन्हा तिथेच. दुसरा, अंडी. रोज एक अंडं दिल्यावर बाळांची उंची चांगली वाढल्याचं इक्वेडोरमधल्या चाचणीत 2017 साली दिसलं होतं. मलावीत तशीच चाचणी झाली तेव्हा उंचीत तो फरक दिसला नाही. तरी अंडं हे उत्तम अन्न आहे यात वाद नाही. अडचण कोंबड्यांची होती: त्या रात्री घरातच, बाळ रांगतं त्याच जमिनीवर असायच्या, आणि विष्ठा तोंडात जाण्याचा धोका खरा होता.

तिसरा पर्याय आमच्यातल्या कोणालाच आवडला नाही, कारण तो आमच्या कामावरच बोट ठेवणारा होता: बाग लहान करायची. परसबागेखाली किती चौरस मीटर आले, हा आमच्या अहवालातला मुख्य आकडा होता. आदर्श म्हणून दाखवलेली बाग आपणच निम्म्यावर आणायची, हे वरिष्ठांना कसं सांगायचं, यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी दंडघेराचा कागद टेबलावर ठेवला आणि चर्चा मिटली.

आम्ही तिसरा पर्याय मुख्य धरला. पूरक आहार सुरुवातीच्या आठवड्यांसाठी सोबत ठेवला, आणि आठवड्याला तीन अंडी बाळासाठी बाजूला काढायची असं घरच्यांशी बोलून ठरलं. कोंबड्यांसाठी वडिलांनी घराबाहेर खुराडं बांधायचं होतं.

आजीचा प्रश्न

या सगळ्यात निर्णायक ठरली ती आजी. दुपारभर घरात तीच असायची, चूल तिची होती आणि वेळही तिच्याकडेच होता. तरी आमच्या एकाही बैठकीचं आमंत्रण तिला गेलं नव्हतं. बैठका आयांच्या होत्या.

पान का घालत नाही, असं विचारल्यावर तिने आधी टाळलं. मग म्हणाली, “घातलं होतं एकदा. दुसऱ्या दिवशी शीमधून जसंच्या तसं हिरवं पडलं. जे पोटात राहतच नाही ते घालून काय मिळणार तिला?”

सेविका घाईने समजावायला लागली. मी तिला थांबवलं, कारण प्रश्न खरा होता. पानातलं बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पेशींच्या आत घट्ट अडकलेलं असतं. पान चिरडलं गेलं नाही आणि सोबत तेल-तूप नसेल तर त्यातलं फार थोडं शरीराला लागतं. 1995 साली इंडोनेशियातल्या पश्चिम जावातल्या स्त्रियांच्या अभ्यासात, रोज जास्त गडद हिरवी पालेभाजी खाऊनही अ जीवनसत्त्वाची स्थिती सुधारली नाही असं दिसलं, तेव्हा जाणकारांनाही धक्का बसला होता. पुढे 2001 मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हिशेबच बदलला: अन्नातल्या 6 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून 1 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं आधी धरत होते, ते 12 ला 1 असं धरायला लागले. बाळाच्या लंगोटात आजीने पाहिलं होतं ते याच गोष्टीचं एक रूप होतं.

मी तिला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “तुमचं बरोबर आहे आजी. पान अख्खं राहिलं की बाहेरच पडतं. इतकं बारीक करता येईल का, की शोधूनही सापडणार नाही?”

ती उठली आणि उखळ घेऊन आली. शिजलेला पाला तिने इतका कुटला की त्याचा गोळा लोण्यासारखा झाला. बोटावर घेऊन तिने तो अंगठ्याने पसरवला, दोरा राहिला का बघितलं, पुन्हा कुटला. मग घट्ट लापशीत तो कालवला, वर चमचाभर तेल सोडलं. चमचाभर तेल म्हणजे जवळपास 45 किलोकॅलरी. चमचा उलटा धरून बघितला, लापशी घरंगळली नाही. बाळाने पहिला घास थुंकला, दुसरा तोंडात घोळवला. आजीने घाई केली नाही. वाटी संपायला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास त्या घरात फक्त तिच्याकडे होता.

काय केलं

मुलीला आधी आरोग्य केंद्रात दाखवलं. सूज नव्हती, भूक होती, त्यामुळे घरीच उपचार चालणार होते. महिनाभरात तिला दोनदा जुलाब झाले होते. पुढच्या वेळी काय करायचं ते आईला आणि आजीला सांगून ठेवलं: जलसंजीवनी, आणि 10 ते 14 दिवस रोज 20 मिलिग्रॅम झिंक, जुलाब थांबले तरी मधे सोडायचं नाही. अ जीवनसत्त्वाचा राहिलेला डोस आणि जंताचं औषध देऊन घेतलं.

बाग आठ चौरस मीटरवर आली. वाफे धुण्याच्या जागेजवळ सरकवले आणि जमिनीपेक्षा खोलगट केले, वर काडीकचऱ्याचं आच्छादन, म्हणजे ओल टिकेल. रोज पाणी मागणाऱ्या नाजूक पालेभाज्या कमी केल्या. त्यांच्या जागी कुंपणाला शेवगा, कडेला पपईची दोन रोपं, छपरावर चढवायला लाल भोपळ्याचा वेल. शेवग्याचा पाला एकदा झाड धरलं की फारसं पाणी मागत नाही, आणि पिकलेला भोपळा घरात दोन-तीन महिने राहतो. आई सुरुवातीला नाराज होती. तिच्या हातची बाग होती ती, लोक बघायला यायचे. वाफे मोडताना ती आमच्याशी बोलली नाही, आणि त्या शांततेचं ओझं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

पाण्याची एक खेप वडिलांनी करावी यासाठी तीन वेळा बोलावं लागलं. पहिल्या दोन वेळा ते हसून निघून गेले. तिसऱ्या वेळी सेविकेने त्यांच्यासमोर दंडघेराची पट्टी बाळाच्या हाताला गुंडाळली आणि पिवळ्यावर, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या रंगावर, आलेला बाण त्यांना स्वतः वाचायला लावला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भांडं उचललं. रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस.

बाळाला स्वतंत्र वाटी ठरली. पूर्वी लापशी सामायिक ताटातून जायची आणि भाऊ भरभर खायचा; कोणी किती खाल्लं हे कळायचंच नाही. सकाळी आई, दुपारी आजी आणि संध्याकाळी जी मोकळी असेल ती, असे तीन घट्ट जेवण. मधे पिकलेलं केळं किंवा उकडलेलं रताळं. थोरल्या बहिणीकडचं भरवण्याचं काम काढून घेतलं.

काय झालं

पहिल्या सहा आठवड्यांत दंडघेर 124 वर आला. मग कोरडा काळ सुरू झाला आणि दोन गोष्टी बिनसल्या. खुराडं बांधायच्या आत कोंबड्यांत मर आली आणि एक सोडून सगळ्या गेल्या. भाजीच्या पैशातून अंडी विकत आणायचं ठरलं, पण बाग लहान झाल्यामुळे पैसेही कमी झाले होते. तीनऐवजी एखादं अंडं यायला लागलं. घरात सहा भोपळे साठवले होते, त्यातले चार वडिलांनी चांगला भाव आला म्हणून देऊन टाकले. त्या पैशातून बियाण्याचं जुनं देणं फिटलं. चूक म्हणणं मला जमणार नाही.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पूड करायचा प्रयोग फसला. बाळाने कडवट म्हणून तोंड फिरवलं. कुटलेला ताजा पाला मात्र चालला.

वीस महिन्यांची असताना तिचा दंडघेर 129 मिलिमीटर होता आणि वजन 8.4 किलो. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत सहा अन्नगट मिळत होते, कोरड्या काळात चार किंवा पाच. लांबी 75 सेंटिमीटरच्या थोडी वर गेली, पण समवयस्क मुलींच्या मागे ती आधी जितकी होती तितकीच राहिली. खुंटलेली वाढ सात महिन्यांत भरून आली असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही, आणि परसबागांच्या कार्यक्रमांतून हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे: ताटातलं वैविध्य वाढतं, उंचीवर परिणाम क्वचित दिसतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालची 14 कोटी 80 लाख मुलं वयाच्या मानाने खुजी होती. त्यातल्या बहुतेकांची वाढ मागे पडली ती गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत.

दंडघेर सुधारला तो नेमका कशाने, हेही एका घरावरून सांगता येत नाही. जुलाब आटोक्यात आले, पूरक आहार मिळाला, लापशी घट्ट झाली, आजी भरवायला बसली. मला शेवटच्या दोन गोष्टींवर जास्त भरवसा आहे, कारण पूरक आहार तीन महिन्यांनी थांबला तरी घसरण झाली नाही. पण हा माझा अंदाज आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बी वाटण्याआधी आईचा दिवस विचारायला हवा होता. पाणी किती लांब आहे, किती खेपा होतात, बाळाला कोण आणि किती वाजता भरवतं, हे चार प्रश्न एका भेटीत विचारून झाले असते. 20 चौरस मीटर हा आकडा आम्ही जमिनीकडे बघून ठरवला होता. तो पाण्याकडे आणि बाईच्या वेळेकडे बघून ठरायला हवा होता.

आजींना पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं होतं. पुढच्या वस्त्यांत आम्ही ते केलं, आणि उखळातल्या पाल्याचं प्रात्यक्षिक आमच्याऐवजी याच आजीने करून दाखवलं.

खुराडं आधी, कोंबड्या नंतर, आणि लसीकरण त्याहून आधी. हा क्रम आम्ही उलटा केला. साठवलेल्या भोपळ्यांबद्दल आधीच वडिलांशी बोलून दोन-तीन बाळाच्या नावाने ठेवले असते तर विक्रीही झाली असती आणि कोरड्या महिन्यांत पिवळी-नारिंगी भाजीही टिकली असती. आम्ही ते गृहीत धरलं, विचारलं नाही.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यांत उशिरा दिसली. धाकटी दोन वर्षांची झाली तेव्हा मी त्या घरी शेवटची गेले. पपईला फळं लागली होती. आजी चमच्याने गर खरवडून नातीला भरवत होती, आणि ती हात पुढे करून मागत होती. आई पाचव्या महिन्याची गरोदर होती. ती भिंतीला टेकून बसली होती, दम लागल्यासारखी, आणि तिच्या खालच्या पापणीच्या आत लाली जवळजवळ नव्हती. स्त्रियांच्या आहारात दहा अन्नगटांपैकी किमान पाच असावेत असं मानतात. त्या दिवशी तिने सकाळपासून लापशी आणि मीठ-तिखटाची पालेभाजी खाल्ली होती, दोन गट. बाळाच्या वाटीची नोंद आमच्याकडे चौदा महिन्यांची होती. तिच्या ताटाबद्दल मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. त्याच दुपारी आम्ही तिला रक्त तपासायला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो, आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परत येताना तिने विचारलं की पपई गरोदरपणी चालते का, कारण तिला खूप दिवसांपासून खावीशी वाटत होती. पूर्ण पिकलेली असेल तर चालते, कच्ची नको, असं मी सांगितलं. घरी पोचल्यावर आजीने झाडावरचं दुसरं फळ हाताने दाबून पाहिलं, पिकलं आहे याची खात्री केली आणि ते सुनेसाठी कापलं.